ट्रिंगचं संग्रहालय: आधी पाटी वाचा, मग वाघ बघा

लंडनच्या यूस्टन स्थानकातून ट्रिंगला पोचायला गाडीला साधारण चाळीस मिनिटं लागतात, आणि पहिली फसगत उतरल्यावर होते. स्टेशनचं नाव ट्रिंग असलं तरी गाव तिथून जवळजवळ तीन किलोमीटर लांब आहे. चालत जायचं तर पाऊण तास धरा. पाऊस असेल किंवा सोबत लहान मूल असेल तर बस किंवा टॅक्सी बघा, आणि बसने जाणार असाल तर परतीची वेळही निघतानाच बघून ठेवा. पेंढा भरलेल्या प्राण्यांचं हे संग्रहालय एकमन स्ट्रीटवर आहे. प्रवेश फुकट, दानपेटी दारात. आठवड्याचे सातही दिवस उघडं असेल असं गृहीत धरू नका. निघायच्या आदल्या दिवशी वेळ तपासा.

हे हर्टफर्डशायरमधलं लहानसं गाव, आणि तिथे कांगारूपासून कासवापर्यंत सगळं जग काचेआड उभं आहे. त्याचं कारण एक श्रीमंत बाप आणि एक हट्टी मुलगा. वॉल्टर रॉथचाइल्ड (१८६८–१९३७) हा बँकवाल्या घराण्यातला थोरला मुलगा. त्याने पेढीवर बसावं अशी घरच्यांची इच्छा, आणि पोराचा जीव पाखरांत. बसला तो पेढीवर, १९०८ पर्यंत, पण मन कधी लागलं नाही. एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून वडिलांनी त्याला घराच्या बागेच्या कडेला संग्रहालयाची इमारतच बांधून दिली. १८९२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. १९१५ मध्ये वडिलांमागे तो दुसरा बॅरन झाला. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याला पाठिंबा देणारं १९१७ चं बाल्फोरचं ते प्रसिद्ध पत्र ज्या ‘प्रिय लॉर्ड रॉथचाइल्ड’ला लिहिलेलं आहे, तो हाच. मात्र राजकारणापेक्षा कॅसोवरी या शहामृगासारख्या पक्ष्याच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीचे रंग त्याला जास्त महत्त्वाचे वाटत.

भरभराटीच्या काळात त्याच्याकडे ३ लाख पक्षी-कातडी, २ लाख अंडी, साडेबावीस लाख फुलपाखरं-पतंग आणि ३० हजार भुंगेरे होते. शिवाय सस्तन प्राणी, सरपटणारे, मासे वेगळेच. एका माणसाने जमवलेला प्राण्यांचा इतका मोठा खाजगी संग्रह दुसरा झालेला नाही. मृत्युपत्राने त्यातला उरलेला भाग ब्रिटिश म्युझियमला गेला, आणि आज ट्रिंगचं संग्रहालय लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची शाखा आहे.

हे आकडे ऐकून माणूस आत शिरतो आणि मोठमोठे प्राणी बघत सुटतो. तासाभरात सहाही दालनं संपतात, पाय दुखतात, आणि लक्षात राहतो फक्त एक दात विचकलेला अस्वल. पेंढा भरलेला प्राणी जिवंत प्राण्याबद्दल तसं फार कमी सांगतो. त्याची ऐट, त्याचा राग, डोळ्यांतली चमक हे सगळं कारागिराचं. खरी माहिती असते ती पायाशी ठेवलेल्या पाटीत: नाव काय, कुठला, कोणी आणला, कधी. म्हणून इथे उलट्या क्रमाने बघायची सवय लावा. आधी पाटी, मग प्राणी.

पाटीवरचं लॅटिन नाव दोन शब्दांचं असेल तर ती जात. तीन शब्दांचं असेल तर तिसरा शब्द उपजातीचा. तीन शब्दांच्या नावांचा आग्रह धरणाऱ्यांत रॉथचाइल्ड आणि त्याचे दोन जर्मन सहकारी, पक्ष्यांचे अर्न्स्ट हार्टर्ट आणि कीटकांचे कार्ल जॉर्डन, हे आघाडीवर होते. त्या काळी बऱ्याच जाणत्यांना ही नसती उठाठेव वाटे. नावापुढे शास्त्रज्ञाचं आडनाव कंसात असेल तर समजावं की त्याने जात वर्णिली तेव्हा ती वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे नावाच्या पहिल्या शब्दाखाली) टाकली होती, पुढे कोणीतरी हलवली. कंस नसेल तर मूळ जागा कायम आहे. आणि ‘रोथशिल्डी’ हा शब्द शोधत चला. त्याच्या नावाचा जिराफ आहे, पक्षी आहेत, किडे तर कितीतरी. मुलं सोबत असतील तर हा खेळ त्यांना दोन दालनं तरी गप्प ठेवतो.

आता कपाटांबद्दल. इथली कपाटं जमिनीपासून छतापर्यंत उंच आहेत आणि त्यांचा बाज व्हिक्टोरियन काळातला ठेवला आहे. एकेका कपाटात प्राणी दाटीवाटीने बसवलेत. आजच्या संग्रहालयांत एका माशाला एक भिंत आणि चार स्क्रीन मिळतात. इथे झेब्रे जमिनीवर पाय दुमडून बसलेत, कारण उभे केले तर वरचा कप्पा बसत नव्हता. जागा वाचवण्याची ही युक्ती बघण्यासारखी आहे. अडचण वरच्या फळ्यांची. तिथल्या पाट्या जमिनीवरून वाचता येत नाहीत आणि मान अवघडते. जवळचं स्पष्ट दिसणारी छोटी दुर्बीण, म्हणजे दोन मीटरवर फोकस होणारी, सोबत ठेवा. पक्षी बघायची नेहमीची जड दुर्बीण इथे निरुपयोगी, तिला बहुधा इतक्या जवळचं दिसत नाही. फोटो काढायचा तर फ्लॅश बंद, फोनची लेन्स थेट काचेला टेकवून, आणि अंगात गडद कपडे. पांढरा शर्ट घातलात की प्रत्येक वाघाच्या पोटात तुम्हीच दिसाल. प्राण्याच्या फोटोपाठोपाठ त्याच्या पाटीचा फोटो काढायचाच. नाहीतर घरी गेल्यावर चाळीस हरणं आणि एकाचंही नाव नाही, अशी गत होते.

प्रकाश कमी का, असं विचारणारे बरेच असतात. केस, पिसं आणि कातडीचे रंग उजेडाने उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवण्याचा संग्रहालयांचा प्रघात आहे. ५० लक्स म्हणजे दिवा मंद ठेवलेली दिवाणखान्यातली संध्याकाळ. दारातून आल्या आल्या डोळ्यांना पाच मिनिटं द्या. जुने नमुने वर्षानुवर्षं खिडकीच्या उजेडात राहिलेले असतात, त्यामुळे काळा पट्टा तपकिरी आणि तपकिरी अंग पिवळट पडलेलं दिसतं. एखादा प्राणी एका बाजूने जास्त फिका असेल तर एके काळी खिडकी त्या बाजूला होती असा अंदाज बांधता येतो.

मराठीत आपण ‘पेंढा भरलेला’ म्हणतो, पण मोठ्या प्राण्यांच्या पोटात नुसता पेंढा नसतो. चांगल्या कारागिराची रीत अशी: मापं घेऊन कातडी सोलायची, कमवायची, तार, लाकूड आणि लाकडाच्या लांब, बारीक छिलक्यांनी अंगाचा साचा बांधायचा, त्यावर माती किंवा लगदा लावून स्नायू काढायचे, मग कातडी चढवून पोटाखाली किंवा पायांच्या आतल्या बाजूने शिवायची. डोळे काचेचे. ओठ, नाक, जीभ मेणाची किंवा रंगवलेली. प्राण्याचं बहुधा कवटीचं हाड किंवा तिचा साचा तेवढा आत राहतो.

यात बिघडतं काय, हे कळलं की बघण्याची मजा दुप्पट होते. हवा कोरडी पडली की कातडी आकसते, आत साचा मात्र जिथल्या तिथे राहतो. ताण येतो आणि कातडी सर्वांत पातळ जिथे असते किंवा जिथे शिवलेली असते तिथे उकलते. कानांच्या कडा, पापण्या, ओठांचे कोपरे, बोटांमधली जागा, पोटाखालची शिवण, या पाच ठिकाणी बघा. दुरुस्ती केलेली असेल तर तिथले केस वेगळ्या दिशेने वळलेले किंवा एकसारख्या रंगात रंगवलेले दिसतात. माकडांचे चेहरे विचित्र वाटतात त्याचंही कारण हेच. उघडी कातडी सुकली की सुरकुतते आणि रंग गमावते, मग कारागीर ती आठवणीतून रंगवतो. माशांचं तर सगळंच रंगकाम. मासा मेला की रंग काही तासांत जातात, त्यामुळे काचेआडच्या माशावर जो रंग दिसतो तो ब्रशचा असतो. तो किती बरोबर, हे रंगवणाऱ्याने जिवंत मासा पाहिला होता का यावर.

दुसरा शत्रू कसर. कातडीभुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्या आणि कपड्यांवरचे पतंग केस आणि पिसं खातात. प्राण्याच्या पायाशी भुकटी किंवा गळालेल्या केसांचा लहानसा ढीग दिसला तर कसर लागलीय किंवा लागून गेलीय. आज असे नमुने खोल थंडीत गोठवून अळ्या मारतात. पूर्वीचा उपाय विषाचा होता. कातडीच्या आतल्या बाजूला आर्सेनिकचा साबण चोळत. त्यामुळे १९८० च्या आधीच्या कुठल्याही नमुन्यात आर्सेनिक आहे असंच धरून कर्मचारी हातमोजे घालतात. उघड्यावर ठेवलेल्या प्राण्याला मुलांनी हात लावू नये, यामागे शिस्तीपेक्षा हे कारण मोठं आहे. ‘हात लावा’ असं लिहिलेलं असेल तेवढ्यालाच लावावा.

मोठ्या जनावरांत गेंड्यांसमोर थांबा, पण शिंगांचं फार कौतुक करू नका. ती नकली आहेत. २०११ मध्ये चोरांनी रात्री घुसून दोन गेंड्यांची शिंगं उपटून नेली. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच संग्रहालयाने खरी शिंगं काढून राळेची बसवली होती. चोरांच्या हाती शिक्षा होण्याइतका ऐवज लागला, पैसे मात्र नाहीत. क्वागाचा नमुना खरा आहे. पुढच्या अर्ध्या अंगावरच पट्टे असलेला हा झेब्रा. शेवटचा १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला, आणि कातडी जगात मोजक्याच उरल्यात. तो बघताना पट्टे कुठे विरतात ते नीट बघा. डोडो दिसेल तो मात्र प्रतिकृती, कारण भरलेला डोडो जगात कुठेच नाही.

कुत्र्यांचं दालन अनेकजण टाळतात. टाळू नका. शंभर वर्षांपूर्वीचे बुलडॉग किंवा सेंट बर्नार्ड आजच्या त्याच जातींशेजारी मनात उभे करून बघा. नाक किती आखूड झालं, पाय किती बदलले, ते लगेच कळतं. १९२९ आणि १९३० ची ग्रेहाउंड डर्बी जिंकलेला मिक द मिलरही इथेच आहे. छातीचा घेर आणि कमरेचा आवळ बघा, पळणारं यंत्र कसं असतं ते दिसेल.

सगळ्यांत लहान वस्तू म्हणजे मेक्सिकोतल्या कपडे घातलेल्या पिसवा. भिंगातून बघाव्या लागतात, आणि त्या भिंगापुढे नेहमी रांग. हौसेची वस्तू, त्यापलीकडे तिला शास्त्रीय किंमत नाही. पण पिसवा इथे आल्या त्या धाकट्या भावामुळे. चार्ल्स रॉथचाइल्ड बँकेचं काम नेटाने करून उरलेल्या वेळात पिसवांचा अभ्यास करायचा. सुदानमध्ये सापडलेल्या एका पिसवेला त्याने १९०३ मध्ये पिरॅमिडवाल्या किऑप्स राजाचं नाव दिलं. आजचं तिचं पूर्ण नाव झेनोप्सिला किऑपिस. मुंबईच्या प्लेगमध्ये उंदरांकडून माणसांकडे रोग नेणारी पिसू ती हीच. श्रीमंतांचे छंद म्हणून हसावं, तर त्यातल्या एका छंदाने मुंबईच्या मारेकऱ्याला नाव दिलं.

फुलपाखरांचा मुख्य साठा आता लंडनला आहे, त्यामुळे तो इथे शोधू नका. पण एकच जात शेकड्यांनी का जमवायची, हा प्रश्न त्याच साठ्यातून सुटतो. एक नमुना म्हणजे नुसतं चित्र. वेगवेगळ्या बेटांवरचे, वेगवेगळ्या महिन्यांतले पन्नास नमुने एका ओळीत मांडले की कुठे पंख गडद होतात, कुठे ठिपका हरवतो, हे दिसतं. उपजाती ठरतात त्या अशा ओळींतून. त्यातला एक पतंग तर फार गाजला. डार्विनने १८६२ मध्ये मादागास्करचं एक ऑर्किड बघून म्हटलं होतं की एवढ्या, जवळजवळ फूटभर लांब मधनळीत पोचणारी सोंड असलेला पतंग तिथे असलाच पाहिजे. लोक हसले. १९०३ मध्ये रॉथचाइल्ड आणि जॉर्डन यांनी तसा पतंग उपजात म्हणून वर्णिला आणि नावातच ‘प्रेडिक्टा’ घातलं, म्हणजे भाकीत केलेला. तेव्हा डार्विन जाऊन एकवीस वर्षं झाली होती. २०२१ मध्ये या उपजातीला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला.

रॉथचाइल्डची एक वस्तू बघायला तर दालनही लागत नाही. १९०२ मध्ये त्याने ट्रिंगच्या बागेत युरोपातल्या ‘एडिबल’ (खाता येणाऱ्या) डॉरमाउसची, म्हणजे खारीसारख्या झुबकेदार शेपटीच्या उंदराची, काही जनावरं सोडली. ती सुटली ती सुटलीच. आज चिल्टर्नच्या टेकड्यांतल्या घरांच्या माळ्यांवर ती रात्री धिंगाणा घालतात आणि विजेच्या तारा कुरतडतात. आणि कायद्याने त्यांना वाटेल तसं मारताही येत नाही.

पक्ष्यांच्या कपाटांपुढे उभं राहताना एवढं माहीत असू द्या की रॉथचाइल्डची मूळ पक्षी-कातडी बहुतेक इथे नाहीत. १९३२ च्या सुमारास त्याने २ लाख ८० हजार कातडी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियमला २ लाख २५ हजार डॉलर्सना विकली. म्हणजे कातड्यामागे डॉलरसुद्धा नाही. कारण पुढे पुतणीने सांगितलं: एक जुनी प्रेयसी त्याला ब्लॅकमेल करत होती. लाडक्या कॅसोवऱ्या आणि त्यांचे भाऊबंद तेवढे त्याने ठेवून घेतले. आज ट्रिंगमध्ये पक्ष्यांचा जो प्रचंड साठा आहे तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनहून हलवलेला, ब्रिटिश राष्ट्रीय संग्रह. डार्विनने गॅलापागोसहून आणलेल्या फिंच त्यातच आहेत. हा साठा शेजारच्या वेगळ्या इमारतीत असतो आणि प्रेक्षकांना उघडा नाही. संशोधकांनी आधी पत्रव्यवहार करून, नेमका कोणता नमुना कशासाठी हवा ते सांगून वेळ घ्यायची असते. ‘आलोच आहोत तर जरा दाखवा’ इथे चालत नाही.

तिथली कातडी भरलेल्या प्राण्यांसारखी उभी नसतात. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूसच, पंख अंगाशी मिटलेले, पाठीवर आडवी, पाय एकमेकांवर टाकून दोऱ्याने बांधलेले, आणि त्या दोऱ्यालाच चिठ्ठी. त्या चिठ्ठीशिवाय कातडं म्हणजे नुसती पिसं. २००९ च्या जूनमध्ये एका अमेरिकन बासरीवादकाने खिडकी फोडून २९९ कातडी सुटकेसमध्ये भरून नेली. मासेमारीच्या शोभिवंत गळांसाठी रंगीत पिसं हवी असणारे शौकीन त्याचे ग्राहक. चोरी महिनाभराने लक्षात आली. त्यातली १७४ कातडी अखंड परत मिळाली, पण चिठ्ठीसह फक्त १०२. उरलेल्या बहात्तरांचे रंग शाबूत आहेत, पण कुठला पक्षी आणि कोणत्या सालचा, हे आता कोणालाच सांगता येत नाही.

चिठ्ठी फाटली तर निदान कळतं. ती खोटी असली तर कळतही नाही, आणि त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या खानदेशातलं आहे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगनने सुमारे २० हजार कातड्यांचा संग्रह १९५४ मध्ये म्युझियमला दिला. त्यात एक रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं लहान घुबड, होता, चिठ्ठीवर गुजरातेतलं मांडवी आणि साल १९१४. रानपिंगळ्याचे नमुने जगभरात मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि १८८४ नंतरची ही एकच नोंद. त्यामुळे पक्षी शोधणारे गुजरातकडे वळायचे आणि हात हलवत परत यायचे. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी कातडं तपासलं तेव्हा उलगडलं की ते उसवून पुन्हा भरलं होतं, आणि मूळ भरणावळीच्या खुणा मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांच्या हातच्या होत्या. डेव्हिडसननी १८८० च्या दशकात खानदेशात मारलेला हा पक्षी कर्नलसाहेबांनी म्युझियममधूनच चोरून, नवी चिठ्ठी बांधून, ‘दान’ केला होता.

रासमुसेननी मांडवीची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या जंगलात, दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता.